खिडकीवरच्या सहा जागा

"फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी पाच मिनिटांत सुटेल. प्रवाशांनी सामानासह गाडीत बसून घ्यावं," हे दोनदा सांगून झालं तरी माईकताईने बटण बंद केलं नाही. काचेपलीकडे दिग्दर्शक उभा होता आणि दोन्ही हातांनी तिला 'बोला, बोला' करत होता. त्याने लिहून दिलेली चिठ्ठी वेळापत्रकाखाली दडवलेली होती. एकतीस वर्षांत एसटी स्टँडच्या या माईकवरून तिने गाड्या, फलाट, चुकलेली मुलं आणि सापडलेल्या पिशव्या यांखेरीज कशाचंही नाव घेतलं नव्हतं.

"आडवाटेची सराई," ती अखेर म्हणाली. "शुक्रवारपासून. दुपारी साडेबारा वाजता."

आणि बटण बंद केलं. चिठ्ठीत बरंच काही होतं. अजरामर कादंबरीवर आधारित, काळजाला हात घालणारा, सहकुटुंब पाहावा असा. त्यातलं एक अक्षर तिच्या तोंडातून बाहेर पडेना. स्वतःची जाहिरात स्वतःच्या तोंडाने करायची म्हणजे तिला भर रस्त्यात वेणी घालायला बसल्यासारखं वाटत होतं. गडबडीत 'सिनेमा' हा शब्दच राहून गेला.

परिणाम व्हायचा तोच झाला. पाच मिनिटांत तीन माणसं चौकशीच्या खिडकीवर येऊन सराईची गाडी कुठे लागते म्हणून विचारून गेली. दोन पोती घेतलेला एक गृहस्थ तर हमरीतुमरीवर आला. गाडी पुकारता आणि वेळापत्रकात लावत नाही, हा काय कारभार, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते चूक नव्हतं. संध्याकाळी डेपो मॅनेजरने तिच्याकडून लेखी खुलासा मागितला. तिने लिहिलं, 'अनवधानाने.' सिनेमाच्या प्रसिद्धीचा पहिला दिवस असा पार पडला.

डेपोत सगळे तिला माईकताई म्हणत. खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं होतं. वय छप्पन्न, लग्नाचं जमलं नाही, डेपोमागच्या गल्लीत दोन खोल्या. सगळं गाव तिला आवाजाने ओळखायचं आणि चेहऱ्याने कुणीच नाही. किराणा दुकानात तिने अर्धा किलो साखर मागितली की शेजारचं गिऱ्हाईक दचकून बघायचं आणि आता आपली गाडी सुटते की काय, अशा चेहऱ्याने घड्याळ पाहायचं. दिग्दर्शक कॉलेजात असताना चार वर्षं याच स्टँडवरून ये-जा करायचा. सिनेमा करायचं ठरल्यावर तो थेट केबिनमध्ये आला होता. "मला तुमचा आवाज हवाय," असं म्हणाला, मग जरा वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आणि तुम्हीसुद्धा." छप्पन्न वर्षांत तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. ती त्या रात्री झोपली नाही.

कादंबरी जुनी होती, ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची. तिचं शेवटचं प्रकरण शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून असायचं, त्यामुळे नाव सगळ्यांना ठाऊक आणि पूर्ण वाचलेली कुणीच नाही, अशातली ती. आडरस्त्यावर सराई चालवणारी एक बाई असते. नदीवर खाली कुठेतरी नवा पूल होतो आणि सगळी वाहतूक तिकडून जायला लागते. बाई मात्र रोज संध्याकाळी कंदील लावते, रांजण भरते, बारा माणसांची अंथरुणं घालते आणि सकाळी ती न मोडलेली अंथरुणं परत गुंडाळून ठेवते. शेवटी एक वाटसरू येतो, तोही वाट चुकून. बाई त्याला पाणी देते आणि नव्या पुलाची वाट दाखवते. एवढंच. दिग्दर्शकाने या एवढ्यावर पावणेदोन तासांचा सिनेमा केला होता, एका पडक्या गोदामात, एकवीस दिवसांत, उसन्या कॅमेऱ्यावर, सराईवाल्या बाईच्या कामाला माईकताईला घेऊन.

आणि हा धडा माईकताईच्या दादाने शाळेत तीस वर्षं शिकवला होता. वडील लवकर गेले, तेव्हापासून दादानेच तिला वाढवलं. शिस्तीचा माणूस. परीक्षेत तो दरवर्षी एकच प्रश्न घालायचा: बाईने वाटसरूला थांबवून का घेतलं नाही? पाच ओळींत लिहा. मुलं पानभर लिहायची आणि दादा सगळ्यांना अर्धेच गुण द्यायचा. बरोबर उत्तर काय, हे त्याने घरातही कधी सांगितलं नव्हतं.

एकोणीस वर्षांची असताना माईकताई एका नाटकमंडळीत जायची. एक दिवस दादा तालमीच्या दारात येऊन उभा राहिला. ओरडला नाही, हात उगारला नाही. सगळ्यांदेखत एवढंच म्हणाला, "कोण येणार आहे तुला बघायला?" ती मुकाट्याने चपला घालून त्याच्या मागे निघाली. पुढे त्यानेच ओळखी काढून तिला डेपोत चिकटवलं. काचेमागची नोकरी, जिथे बघायला कुणी यायचा प्रश्नच नव्हता. तिने त्याच्यावर राग धरला नाही असं ती सांगायची, पण ते वाक्य सदतीस वर्षं तिच्या कानाला चिकटून बसलं होतं.

आता दादा एकाहत्तरचा होता आणि त्याचे डोळे जात होते. मधोमध काळा डाग आणि कडेकडेने थोडं दिसायचं. डॉक्टरांनी इंजेक्शनं चालू ठेवली होती, पण वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दोन-तीन महिने धरून चाला. वर्तमानपत्र सुटलं. टीव्हीवरची माणसं नुसत्या सावल्या झाल्या. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर तर काही उमटतच नव्हतं. मग एकदा वहिनी त्याला शाळेच्या कार्यक्रमाला घेऊन गेली, तिथे भिंतीएवढा पडदा होता, तेव्हा पहिल्या रांगेत बसून मान तिरकी केल्यावर त्याला माणसांचे चेहरे दिसले. घरी येऊन त्याने बहिणीला फोन केला आणि म्हणाला, "तुझा सिनेमा थेटरात लागू दे. पहिल्या रांगेत बसून बघतो."

त्या दिवसापासून सिनेमा थिएटरला लागणं ही माईकताईच्या जिवाची गोष्ट झाली. बाकीच्यांना नाव हवं होतं, पुढचं काम हवं होतं. तिला त्या मोठ्या पडद्यावर एकदा दादासमोर उभं राहायचं होतं, त्याच्या डोळ्यांत उजेड आहे तोवर.

आठ महिने दिग्दर्शक थिएटरांचे उंबरे झिजवत होता. कुणी म्हणे, यात गाणी नाहीत. कुणी म्हणे, पुस्तक लोकांनी फुकटात वाचलं नाही, सिनेमा तिकीट काढून कोण बघणार? अखेर एका थिएटरच्या मॅनेजरने छोटा पडदा दिला. शहाण्णव खुर्च्या, एक आठवडा, रोज एकच खेळ, दुपारी साडेबाराचा. या वेळेला नोकरदार माणूस कामावर असतो आणि बिननोकरीचा जेवून आडवा झालेला असतो. तरी सगळ्यांना आभाळ ठेंगणं झालं.

शुक्रवारी दिग्दर्शकाने ताईला सिनेमातला ठिगळांचा पोशाख घालून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन थिएटरच्या दारात उभं केलं. लोक कुतूहलाने जवळ येतील असा त्याचा कयास होता. एक बाई खरोखर जवळ आली, तिने ताईकडे कळवळून पाहिलं आणि तांब्यात एक नाणं टाकून पुढे गेली. कॅमेरामनला हसू आवरेना. ताईही हसली, पण दुसऱ्या दिवशी तिने पोशाख घातला नाही. शुक्रवारी एकोणीस माणसं आली. शनिवारी अकरा, रविवारी चौदा, सोमवारी सहा. मंगळवारी तिघं होती आणि त्यातला एक जण मध्यंतरातच उठून गेला.

दादाचं इंजेक्शन नेमकं त्याच सोमवारी होतं आणि बुधवारपर्यंत डोळ्यावर पट्टी होती. तेव्हा राहिला गुरुवार, आठवड्याचा शेवटचा खेळ. ताईने बुधवारी त्याला फोन केला आणि मी पास ठेवते, दारात उभी राहते, तू रिक्षाने ये, असं सगळं ठरवून टाकलं. दादाने ते सगळं मोडीत काढलं. पासवर बघितलेलं तो बघितलं असं धरत नव्हता. गाडीने येणार, खिडकीवर तिकीट काढणार आणि बसणार.

"आणि तू दारात थांबू नकोस," तो म्हणाला. "मला तुझा भाऊ म्हणून यायचं नाही. प्रेक्षक म्हणून यायचंय. खेळ सुटल्यावर भेटू."

तिने बरं म्हटलं. दादापुढे तिने आयुष्यात दुसरं काही म्हटलं नव्हतं.

इकडे मंगळवारच्या त्या दोन माणसांनंतर मॅनेजरने दिग्दर्शकाला बोलावून घेतलं होतं. माणूस वाईट नव्हता. गुरुवारी सकाळपर्यंत निम्मी तिकिटं गेली नाहीत, तर शेवटचा खेळ रद्द करून शुक्रवारच्या मोठ्या सिनेमाची सजावट लावायला घेणार, असं त्याने सांगितलं. मग जरा वरमून म्हणाला, की पूर्ण भरला तर मात्र आणखी एक आठवडा देईन, आपला शब्द. भरणार नाही याची खात्री असल्यावर माणूस असा दिलदार होतो.

ही बातमी युनिटच्या ग्रुपवर आली तेव्हा ताई केबिनमध्ये होती. खेळ रद्द झाला तर दादा दारावरून परत जाणार. दुपारच्या सुट्टीत ती आरक्षणाच्या खिडकीवरच्या बाईकडे गेली आणि फोनवर सिनेमाचं तिकीट कसं काढतात ते शिकून घेतलं. हिरवी चौकट म्हणजे रिकामी खुर्ची, करडी म्हणजे विकलेली. शहाण्णवात तेव्हा दोन करड्या होत्या. तिने दहा घेतल्या, मधल्या रांगांतल्या, लोकांनी घेतल्यासारख्या वाटाव्यात म्हणून जरा विखुरलेल्या. कुणाला बोलली नाही. आपल्याच सिनेमाची तिकिटं आपणच काढायची, हे सांगायला जीभ उचलत नव्हती.

बुधवारी संध्याकाळी तिने पुन्हा फोन उघडला आणि बघतच राहिली. करड्या चौकटी वाढत होत्या. वीस झाल्या, अठ्ठावीस झाल्या, नऊ वाजता पन्नास. लोकांत बोलबाला झाला म्हणायचं अखेर! तिने देवाला हात जोडले. ग्रुपवर सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते. सिनेमाचं शिवणकाम करणारी बाई लिहीत होती, चांगल्या कामाचं चीज होतंच. संकलकाने लिहिलं, मी म्हणत नव्हतो? कॅमेरामनने नुसते टाळ्या वाजवणारे हात पाठवले, चार-चारदा.

गुरुवारी सकाळी सात वाजता पहिल्या रांगेतल्या फक्त सहा हिरव्या चौकटी उरल्या होत्या. दिग्दर्शकाने लिहिलं, 'सहाच राहिल्या. या गेल्या की आणखी एक आठवडा.' ताईने ते तीन वेळा वाचलं. पहिली रांग. दादाला पहिली रांगच हवी होती. पण तिला काळजी वाटली नाही. एकतीस वर्षं ती गाड्यांच्या जगात राहिली होती. गाडीचं आरक्षण कितीही भरलं, तरी समोरून येणाऱ्या माणसासाठी सहा जागा खिडकीवर राखून ठेवतात. फोनवर गाडी भरलेली दिसते आणि खिडकीवर म्हातारं माणूस येऊन उभं राहिलं की त्याला जागा मिळते. हा नियम तिला श्वासासारखा अंगवळणी पडलेला होता. थिएटरच्या खिडकीवर माणूस बसतो, म्हणजे त्याच्याकडे काही जागा असणारच, पुढच्याच असणार. यात विचारण्यासारखं काय होतं?

तिने सहाही घेतल्या. पडदा पूर्ण करडा झाला. आणखी एक आठवडा मिळाला, म्हणजे दादाला दोनदा बघता येईल, असं तिच्या मनात आलं आणि ती खुशीत कामाला गेली.

बारा वाजता बदलीच्या बाईला केबिन देऊन ती निघाली. थिएटरच्या दारात पोचायला तिला सव्वाबारा झाले. दाराशी तिपाईवर एक लाकडी पाटी टेकवून ठेवलेली होती, लाल रंगाची, पोपडे उडालेली, 'हाउसफुल्ल'. मॅनेजर स्वतः ती फडक्याने पुसत होता. माळ्यावरून शोधून काढली म्हणाला, हल्ली ही लावत नाहीत, पण आज मला राहवलं नाही. त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. आपल्या थिएटरच्या तरुणपणाबद्दल तो काहीतरी सांगत होता. ताईने पाटीला नमस्कार केला आणि आत गेली.

आत अंधार होता आणि जाहिराती चालू होत्या. तिने भिंतीशी उभं राहून पहिल्या रांगेत दादाची काठी शोधली. दिसली नाही. अंधाराला डोळे सरावले तशा खुर्च्या दिसू लागल्या. पहिली रांग रिकामी होती. दुसरी रिकामी. मधे दिग्दर्शक एकटा बसला होता. कोपऱ्यात एक जोडपं होतं, एकमेकांत गुंतलेलं. शिवणकाम करणारी बाई, तिची बहीण आणि शेजारीण एका ओळीत होत्या. सेट उभारणारा सुतार, कॅमेरामन, संकलक, आणि वाटसरूचं काम करणारा, जो एरवी विमा विकायचा. ताई धरून अकरा डोकी.

ती दिग्दर्शकाशेजारी जाऊन बसली. लोक कुठायत, तिने विचारलं. येतील, तो म्हणाला, उशिरा येतात. सिनेमाचं नाव पडद्यावर आलं. कुणी आलं नाही. सराईच्या आवारात पहाट झाली, भिंतीएवढी माईकताई रांजण भरू लागली, आणि दाराचा पडदा एकदाही हलला नाही.

"ताई," दिग्दर्शक हळूच म्हणाला. "बत्तीस मी काढलीत."

मागच्या रांगेतून कॅमेरामन पुढे वाकला. त्याने चौदा काढली होती. पलीकडून संकलकाचा आवाज आला, बारा. वाटसरूने बारा, आपल्या गिऱ्हाइकांना वाटायला, आणि त्यातलं एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या बाईने तोंडाला पदर लावला आणि आठ बोटं दाखवली. प्रत्येकाने चोरून काढली होती आणि प्रत्येकाला बाकीची खरी वाटली होती. दुसऱ्याच्या चौकटी करड्या होताना बघून ज्याला त्याला हुरूप आला होता आणि हुरुपाने त्याने आणखी घेतली होती. ताईने मनातल्या मनात आपली सोळा मिळवली. चौऱ्याण्णव. दोन ती कोपऱ्यातली, आणि ती सिनेमा बघत नव्हती.

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले, अंधारात, खुर्च्यांच्या पाठी धरून, आणि हसता हसता दिग्दर्शक रडायला लागला. त्याची समजूत घालायला ताईला सवड नव्हती. ती उठून बाहेर धावली.

खिडकीवरचा माणूस डबा उघडून बसला होता. एक म्हातारे गृहस्थ आले होते का, जाड चष्मा, हातात काठी? आले होते की, तो म्हणाला. एक तिकीट मागत होते, पहिल्या रांगेचं. खिडकीवरच्या राखीव जागा त्यांना का दिल्या नाहीत, असं ताईने विचारलं तेव्हा त्याला कळेचना. कसल्या राखीव? फोनवर दिसतं तेच इथे दिसतं, म्हणाला, एकच तर कॉम्प्युटर. पण वाईट वाटून घेऊ नका, आजोबा काही नाराज झाले नाहीत. सगळी गेली म्हटल्यावर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग त्या पाटीपाशी गेले, नाक लावून वाचायला बघितली, जमेना, तर अक्षरांवरून बोटं फिरवली. मॅनेजर साहेब म्हणाले, आजोबा, जास्तीची खुर्ची टाकतो. तर नको म्हणाले, नियम म्हणजे नियम. हसतच गेले.

ताई स्टँडकडे पळत सुटली. छप्पन्न वर्षांचे गुडघे, दहा मिनिटांची वाट. सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. आत्ता सापडला तर तासभर तरी शिल्लक होता. पहिली रांग शिल्लक होती, अख्खीच्या अख्खी.

दादा फलाट दोनसमोरच्या बाकावर बसला होता, दोन्ही हात काठीवर, चेहरा वर. ती अगदी पुढ्यात येईपर्यंत त्याला दिसली नाही. मग मान तिरकी करून त्याने तिला डोळ्यांच्या कडेत पकडलं.

"तू इथे कशी? तुझा खेळ चालू आहे ना?"

"चल," ती धापा टाकत म्हणाली. "मी बसवते तुला. जागा आहे."

"कुणाची?"

"आहे रे. काही लोक आले नाहीत."

"येतील. उशिरा येतात लोक. मी त्यांच्या जागेवर बसलो आणि ते आले, तर मला उठवायचं का त्यांनी?" त्याने बाकावर तिच्यासाठी हात फिरवून जागा केली. "बस. घाम आलाय तुला."

ती बसली. सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. दादा, कुणी येणार नाही. ती तिकिटं आम्हीच काढलीत. पहिल्या रांगेच्या सहाही खुर्च्या माझ्या आहेत, माझ्या फोनमध्ये आहेत, चल. एवढं बोललं की तो उठला असता. बडबडला असता, पण उठला असता आणि आला असता, आणि मान तिरकी करून त्याने तिला एकदा बघितलं असतं. रिकाम्या थिएटरात.

"मी तुला एकदा काहीतरी बोललो होतो," दादा म्हणाला. "तालमीच्या दारात. आठवतं?"

"नाही," ती म्हणाली.

"मला आठवतं." काठीच्या मुठीवर त्याचा अंगठा फिरत होता. "पाटीचा रंग उडालाय. पण अक्षरं खोदून केलेली आहेत, हाताला लागतात. पाचही अक्षरं मोजली की काय मी, कोण जाणे. तिथं उभा राहिलो आणि म्हटलं, चला, आपलं चुकलं. एवढा मोठा मास्तर, आणि चुकलं. बरं वाटलं गं."

माईकताईने त्याचा चष्मा काढला, पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला.

"शेवट बदलला नाहीत ना?" त्याने विचारलं.

"नाही. तसाच ठेवलाय. ती त्याला पाणी देते आणि वाट दाखवते."

"छान." त्याने मान डोलावली. "गर्दी ओसरली की पुढच्या आठवड्यात येतो. आहे ना पुढच्या आठवड्यात?"

थिएटरात आत्तापर्यंत मॅनेजरने आत डोकावलं असणार. खाण्याच्या काउंटरवरचा माणूस त्याला सांगत असणार, की साहेब, शहाण्णव तिकिटं आणि एक चहा खपला नाही. माणसं नसलेली तिकिटं घेऊन थिएटर चालत नाही, एवढं तिलाही कळत होतं. उद्या त्या भिंतीवर मोठा सिनेमा असणार होता. दोन महिन्यांनी दादाला भिंतसुद्धा दिसणार नव्हती.

"आहे," ती म्हणाली. "सावकाश ये."

गाडी फलाटाला लागली. तशा तिथे तीन लागल्या होत्या, आणि दादाला पाट्या वाचता येत नव्हत्या. तो बसल्या जागीच कान टवकारून राहिला. या स्टँडवर तो हल्ली पाटी बघायचाच नाही, बहिणीचा आवाज ऐकून उठायचा.

"जा," तो म्हणाला. "तू पुकार, मग उठतो मी."

ताई केबिनमध्ये गेली. बदलीच्या बाईने तिचा चेहरा बघून काही न विचारता खुर्ची रिकामी केली. ताईने पाण्याचा घोट घेतला, पदराने तोंड पुसलं आणि बटण दाबलं. गावाचं नाव सांगितलं, फलाट सांगितला, प्रवाशांनी सावकाश चढावं असं सांगितलं. नियम दोनदा सांगायचा होता. तिने तिसऱ्यांदा सांगितलं. पहिल्याच शब्दाला दादा उठला होता आणि काठी टेकत, वाट न चुकता, आपल्या गाडीच्या दाराशी पोचला होता. पायरीवर चढल्यावर तो वळला आणि त्याने हात वर केला, केबिनकडे नाही, खांबावरच्या कर्ण्याकडे. तिनेही काचेआडून हात वर केला. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तो तसाच ठेवला आणि मग बटण बंद केलं.